घाटाला बांधलेल्या नावा
वैनगंगेच्या काठचे एक न काढलेले चित्र

काशीच्या घाटांची जी जुनी चित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत जेम्स प्रिन्सेप या इंग्रज गृहस्थाने काढलेल्या चित्रांचे स्थान मोठे आहे. हा गृहस्थ इ. स. १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने रेखाटलेली काशीची दृश्ये १८३० ते १८३४ च्या दरम्यान प्रसिद्ध झाली. घाटाच्या पायऱ्या, देवळांची शिखरे, काठावरील गर्दी आणि पायऱ्यांशी लागलेल्या नावा असे गंगातीरीचे जीवन त्याच्या लेखणीने टिपले. काशीच्या मल्लाहांजवळ त्यामुळे आपल्या पूर्वजांच्या नावांची दोनशे वर्षांपूर्वीची आठवण कागदावर शिल्लक आहे.

आपल्या वैनगंगेच्या तीरावरील पवनी नगरीस विदर्भाची काशी म्हणतात. तेथेही घाट आहेत, देवळे आहेत, पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांशी शेकडो वर्षे नावा बांधल्या गेल्या आहेत. परंतु पवनीला प्रिन्सेप लाभला नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या नावेवर आयुष्य काढले, ती नाव कशी होती, किती लांब होती, कोणत्या लाकडाची होती, कोणत्या दगडाला बांधली जाई, हे सांगणारे चित्र आपल्या घराघरांतून शोधले तरी सापडत नाही. यास्तव समाजाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते चित्र शब्दांनी तरी काढावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुराण आणि इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास सांगू लागले की आपण बहुधा गुहराज निषादापासून आरंभ करतो. प्रभू रामचंद्रांना गंगा पार करविणारा गुह हा आपला पूर्वज, पराशर मुनींस यमुनेपलीकडे नेणारी सत्यवती ही आपल्याच कुळातली आणि महाभारतकार व्यास हे तिचे पुत्र. या कथांचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. ज्या समाजास शतकानुशतके खालच्या पायरीवर बसविण्यात आले, त्याला या कथांनी ताठ मानेने उभे राहण्याचे बळ दिले.

तथापि पुराण हे पुराण आणि इतिहास हा इतिहास. गुहाची नाव आपण पाहिली नाही. भंडाऱ्याच्या, पवनीच्या, आंभोऱ्याच्या घाटावरील नावा मात्र आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि हातांनी वल्हविल्या. ज्या गोष्टीचा साक्षीदार अजून जिवंत आहे, ती लिहून ठेवण्यात आपण आळस केला, तर पुढच्या पिढीला तीही पुराणकथाच वाटेल.

नदीचा स्वभाव

वैनगंगेचा उगम सातपुड्यात, मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ होतो. बालाघाटकडून ती आपल्या भागात उतरते, भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाते आणि पुढे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत वर्धेस मिळते. या दोन नद्यांच्या संगमानंतर तिला प्राणहिता हे नाव प्राप्त होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत विलीन होते. बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद या नद्या तिला आपल्या परिसरातच येऊन मिळतात. म्हणजे पवनीच्या घाटावरून सोडलेले एखादे लाकूड अडथळा न होता वाहत गेले, तर ते अखेर बंगालच्या उपसागरात पोचावे.

परंतु ही नदी गंगेसारखी बारमाही जलमार्ग होण्याजोगी नाही. आषाढ-श्रावणात तिचे पाणी दोन्ही काठ गिळते. चैत्र-वैशाखात तिच्या पात्रात वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि मधून निळसर धार तेवढी वाहत राहते. जागोजागी खडक आहेत, डोह आहेत. अशा नदीवर जी नाव चालवायची, ती उथळ पाण्यात तरणारी, खडकाला घासली तरी न फुटणारी आणि दोघा-तिघा माणसांना वाळूवरून ओढून नेता येणारी असावी लागते. मोठी गलबते बांधण्याचे ज्ञान आपल्याकडे नव्हते म्हणून आपल्या नावा लहान होत्या, असे कोणी समजू नये. त्या लहान होत्या, कारण नदीने तसे सांगितले होते.

डोंगा

आपल्या भागातील अस्सल जलवाहन म्हणजे डोंगा. एकाच जाड बुंध्याला आतून कोरून तो तयार होई. झाड निवडणे हे पहिले आणि सर्वांत अवघड काम. बुंधा सरळ हवा, त्यात पोकळी नको, गाठी कमी हव्यात. झाड पाडल्यावर वासला आणि कुऱ्हाड यांनी हळूहळू आतला गाभा काढीत. तळ जाड ठेवायचा आणि कडा पातळ करीत न्यायच्या, हे माप कोणत्याही कागदावर लिहिलेले नसे. ते हाताला कळे. एका बाजूला लाकूड अधिक राहिले, तर डोंगा पाण्यात उतरताच त्या अंगाला कलंडतो. मग सर्व श्रम वाया जात.

अशा एकसंध लाकडाच्या नावा मनुष्यजातीच्या अत्यंत प्राचीन वाहनांपैकी होत. हॉलंड देशात पेस्से नावाच्या गावी १९५५ साली रस्त्याचे काम चालू असता दलदलीच्या मातीत एक डोंगा सापडला. तो पाइन वृक्षाच्या बुंध्यातून कोरलेला, सुमारे तीन मीटर लांबीचा असून शास्त्रज्ञांनी त्याचे वय सुमारे दहा हजार वर्षे ठरविले आहे. आज तो तेथील वस्तुसंग्रहालयात मानाने ठेवलेला आहे. ज्या कारागिरीस जगातील विद्वान लोक मानवी संस्कृतीची पहिली पावले म्हणून काचेच्या पेटीत जपतात, तीच कारागिरी आपल्या घरात काल-परवापर्यंत चालू होती. तिचे शेवटचे नमुने मात्र आपण पावसाळ्याच्या जळणात घातले.

डोंग्यापेक्षा मोठी ती नाव. ती फळ्या जोडून बांधीत. सांध्यांत तेल आणि राळ भरून पाणी अडवीत, पुढे डांबर आले. डोंगा मासेमारीस आणि दोघा-चौघांच्या येण्याजाण्यास. नाव उतारूंसाठी, धान्याच्या पोत्यांसाठी आणि गुराढोरांसाठी. बैलगाडीसारखे अवजड ओझे पार न्यायचे असल्यास दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्यांची बैठक करण्याची युक्ती मध्य भारतातील नद्यांवर सर्वत्र प्रचलित होती. उथळ पाण्यात लांब बांबूने नाव ढकलायची आणि खोल पाण्यात वल्हे मारायचे. प्रवाह तिरपा कापीत जायचे, म्हणजे निघताना मुक्कामाच्या बऱ्याच वरच्या अंगाला रोख धरायचा, हा नावाड्याचा पहिला धडा होय. वाहत्या पाण्यात सरळ जाऊ पाहणारा सरळ पोचत नाही, हे आपल्या वडिलांना शाळेत न जाता ठाऊक होते.

पवनीचा घाट

आता पवनीस चला. तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट आणि खंदक व चौथ्या बाजूस वैनगंगा, अशी या नगरीची प्राचीन रचना आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी डॉ. शां. भा. देव आणि श्री. ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटात एक भव्य बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव आहे. पवनीतच सापडलेल्या एका स्तंभावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचे नाव आहे, तर दुसऱ्या एका शिलालेखात भगदत्त नावाच्या राजाचा उल्लेख आढळतो. सातवाहनांच्या काळात ही केवढी गजबजलेली नगरी असली पाहिजे, हे यावरून ध्यानी येते.

येथे एक विलक्षण योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या ब्राह्मी लिपीमुळे पवनीच्या या दात्यांची नावे आज वाचता येतात, त्या लिपीचे कोडे १८३७ साली उलगडणारा पुरुष म्हणजे काशीचे घाट रेखाटणारा तोच जेम्स प्रिन्सेप! पवनीचे दगड त्याच्यामुळे बोलके झाले; पवनीच्या नावा मात्र मुक्या राहिल्या.

त्या स्तूपासाठी दान देणारे व्यापारी आणि उपासक नदीपलीकडून कसे आले असतील? पावसाळ्याच्या चार महिन्यांत या पात्रातून पायउताराने येणे अशक्य. कोणीतरी त्यांना पार केले असलेच पाहिजे. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. त्यास पार करणाऱ्याचे राहिले नाही. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाने आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरविले, म्हणून समुद्रावरील जहाजांची आठवण उरली. नदीवरील डोंग्याला कोणत्या राजाने नाण्यावर स्थान दिले? लाकूड कुजते, दोर कुजतो आणि गरिबाचे नाव त्याहूनही लवकर कुजते.

पुढील काळातील पवनी म्हणजे कोष्ट्यांच्या मागांची आणि रेशीमकाठी वस्त्रांची पवनी. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध, मोहाडी-आंधळगावचे कोशाचे कापड प्रसिद्ध. आणि ज्या कोशातून हे कापड निघे, तो ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर रानात राहून वाढविण्याचे काम आपल्याच समाजातील अनेक कुटुंबे करीत. म्हणजे नाव हाकणारा, मासा धरणारा, तलावात शिंगाडा लावणारा आणि कोसा पिकविणारा असा हा चौरस व्यवसाय होता. पाणी असेल तेथे पाण्यावर आणि पाणी नसेल तेथे रानात.

बांधलेल्या नावांचे वर्षचक्र

वैजेश्वर घाट किंवा दिवाण घाट येथे उभे राहून बांधलेल्या नावांकडे वर्षभर पाहिले, तर संबंध गावाचे पंचांग त्यांत वाचता येई.

मृगाच्या अगोदर नावा काठावर पालथ्या पडलेल्या दिसत. तळाची डागडुजी, राळ भरणे, फुटकी फळी बदलणे ही कामे या दिवसांत चालत. पहिला पूर आला की त्या पाण्यात उतरत आणि घाटाच्या वरच्या पायऱ्यांशी बांधल्या जात. दोर अंबाडीचा किंवा सणाचा. पाणी चढेल तसा दोर सैल करावा लागे, उतरेल तसा आवळावा लागे. त्यामुळे पुराच्या रात्री घरातील एक तरी पुरुष घाटावर जागा असे. नाव वाहून गेली, तर वर्षाची भाकर वाहून गेली, असा हिशेब होता.

भाद्रपद-आश्विनात नावांना विश्रांती नसे. बाजाराचा दिवस, सासर-माहेरची ये-जा, आजाऱ्याला गावात नेणे, मृतास घाटावर आणणे, या सर्वांसाठी हाक एकच: पलीकडच्या काठावरून येणारी लांब आरोळी. ती ऐकून दोर सोडायचा. मध्यरात्रीची हाकही टाळता येत नसे. कार्तिकी पौर्णिमेस आणि महाशिवरात्रीस स्नानाची गर्दी होई, तेव्हा घाटाशी नावांची रांग लागे.

पौषानंतर पाणी ओसरू लागले की बांधण्याची जागा खाली खाली सरके. पायऱ्या सोडून नावा वाळूत रोवलेल्या खुंट्यांना बांधल्या जात. माघापासून नदीच्या वाळूतच डांगरवाड्या उभ्या राहत. डांगर, टरबूज, काकडी यांचे वेल वाळूत खड्डे करून लावायचे आणि हंड्यांनी पाणी घालायचे. रखवालीची खोपही वाळूवरच. त्या दिवसांत डोंगा माल पोचविणारी गाडी बने. उन्हाळ्याच्या ऐन झळांत ज्या डोंग्यास काम नसे, त्यास मुद्दाम डोहात बुडवून ठेवीत. उन्हाने लाकूड तडकू नये, म्हणून ही योजना. परक्या माणसास वाटावे, नाव बुडाली. घरच्यास ठाऊक असे की ती निजली आहे.

असे हे घाटाचे चित्र. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. परंतु पवनी, भंडारा, आंभोरा या गावांचे पावसाळ्यातील जीवन ज्या दोरांनी पलीकडच्या काठाशी बांधलेले होते, ते दोर यात आहेत.

घाटाचा लिलाव

नाव आमची, हात आमचे, मग घाट कोणाचा? हा प्रश्न इंग्रजी अमदानीत उभा राहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८७८ साली उत्तर हिंदुस्थानासाठी जो नावघाटांचा कायदा झाला, तो मध्य प्रांतासही लागू झाला. या कायद्याने सरकारला कोणताही घाट सार्वजनिक ठरविता येई आणि तेथील उताराचा कर गोळा करण्याचा हक्क लिलावाने ठेक्यास देता येई. इतकेच नव्हे, तर सार्वजनिक घाटाच्या हद्दीपासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसऱ्या कोणास उतारूंची नाव चालविण्याची मनाई झाली.

कायद्याच्या बाजूने बोलायचे तर त्यात प्रवाशांची सुरक्षितता, कराचे ठरलेले दर आणि नावांची तपासणी यांची तरतूद होती. मनमानी पैसे घेण्यास त्याने आळा बसला. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लिलावात बोली करण्यासाठी रोकड लागते आणि ती आपल्याजवळ नव्हती. ज्याने कधी वल्हे हाती धरले नाही, त्यालाही घाट घेता येऊ लागला. पूर्वी गावकरी वर्षाच्या हंगामाला धान्य देत आणि नावाडी वर्षभर त्यांना पार करी. त्या नात्याच्या जागी ठेका आला. पिढ्यान् पिढ्या ज्या पायरीशी आपली नाव बांधली, त्याच पायरीवर मजुरीने नाव चालविण्याची पाळी अशा व्यवस्थेत येऊ शकत होती.

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ढिवरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाडा लावणे, या सर्वांची माहिती त्यांनी दिली आहे. आमच्या हातचे पाणी उच्चवर्णीयांस चालते, हेही नमूद केले आहे. त्या प्रकरणास जोडून मच्छीमाराच्या झोपडीचे छायाचित्र छापले आहे. झोपडी चित्रात आली. तिच्या मालकाची नाव मात्र घाटावरच राहिली. आणि हातचे पाणी चालले, तरी त्या हाताला शेजारी बसण्याचा मान मिळाला नाही, हे आपण विसरता कामा नये.

आगबोटीचे स्वप्न

याच नदीसमूहावर एकदा आगबोटी चालविण्याचे स्वप्न पाहिले गेले होते. गोदावरीवर धवळेश्वरम् येथे १८४७ ते १८५२ या काळात प्रचंड बंधारा बांधणारे ऑर्थर कॉटन यांची अशी कल्पना होती की, समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या मार्गाने मध्य प्रांतापर्यंत जलमार्ग खुला करावा आणि वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस नदीवाटे किनाऱ्यास न्यावा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि या कल्पनेस एकाएकी महत्त्व आले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती उचलून धरली. मार्गात दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि देवलमरी येथे खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते कालवे व बंधारे बांधून ओलांडावयाचे होते. पुष्कळ पैसा खर्च झाला. पण १८६७ साली मुंबईहून आगगाडी नागपुरास पोचली, कापसाला जवळची वाट मिळाली आणि १८७१ साली हे काम कायमचे बंद पडले.

आपल्या डोंग्यांना या घडामोडीचा लाभ झाला नाही आणि तोटाही झाला नाही. खडकांशी झुंजणारी योजना दहा-बारा वर्षांत संपली. खडकांना वळसा घालणारा डोंगा चालत राहिला. तथापि आगगाडीने जी नवी वाट पाडली, तिचा परिणाम पुढे झालाच. १८८२ पर्यंत नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग राजनांदगावपर्यंत गेला, त्यासाठी वैनगंगेवर पूल झाला आणि लांबचा माल घाट सोडून स्टेशनाकडे वळला.

पूल, धरण आणि नाव

त्यानंतरचा काळ पुलांचा. भंडाऱ्याजवळ कारधा येथे पूर आला की पाण्याखाली जाणारा जुना लहान पूल आणि त्याहून उंच मोठा पूल असे दोन्ही आपण पाहिले आहेत. पवनीसही पूल झाला. आंभोरा येथे, जेथे वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम मानतात आणि जेथे आद्यकवी मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथ यांची समाधी दाखवितात, तेथे चैतन्येश्वराच्या दर्शनास भंडाऱ्याच्या बाजूचे भाविक नावेनेच जात. २०२४ साली तेथे दोरखंडांवर तोललेला भव्य पूल रहदारीस खुला झाला. पूल व्हावा असे नावाड्यालाही वाटते, कारण त्याचीही लेक बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री पलीकडे न्यावी लागते. पुलाचा आपण द्वेष करीत नाही. प्रश्न एवढाच की, पूल झाल्यावर नावाड्याचे काय झाले, हे कोणी विचारले काय?

पुलाहूनही मोठे स्थित्यंतर घडविले ते धरणाने. पवनी तालुक्यात गोसेखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते प्रकल्पाची पायाभरणी झाली. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचे हे धरण, त्यास तेहतीस दरवाजे. त्याने शेतीस पाणी दिले, हे खरे. परंतु अनेक गावे पाण्यात गेली, नदीकाठचे घाट आणि डांगरवाड्यांची वाळू पाण्याखाली गेली. जी नदी उन्हाळ्यात आटे आणि पावसाळ्यात फुगे, ती आता वर्षभर तुंबलेल्या तळ्यासारखी दिसते. मरळ, वाम, झिंगे यांच्या जागा बदलल्या. नागपूरचे सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेत आणि तेथून या जलाशयात येते, त्याचा त्रास मासळीस आणि मासळीवर जगणाऱ्यांस होतो. जुने वर्षचक्र मोडले. नवे अजून बसले नाही.

तरीही नाव संपलेली नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला, भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, रस्ते आणि लहान पूल बुडाले. तेव्हा माणसांस बाहेर काढण्यास पुन्हा नावच लागली. आणि २०२४ च्या जानेवारीत, याच वैनगंगेवर खाली चामोर्शी तालुक्यात, गणपूरजवळ मिरची तोडण्यास जाणाऱ्या मजूर स्त्रियांची नाव उलटून सहा जणी मृत्यू पावल्या. एकाच वर्षात एकाच नदीवर वरच्या अंगाला डोळे दिपविणारा पूल उघडतो आणि खालच्या अंगाला गरीब बायका पोट भरण्यासाठी जुन्या नावेत बसतात. नाव ही गतकालाची शोभा नसून गरिबांची गरज आहे, हे या दुःखद घटनेने पुन्हा दाखविले. अशा नावा सुरक्षित असाव्यात, प्रत्येक उतारूस तरंगते जाकीट मिळावे, ही मागणी करण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्य आपल्या समाजाचे आहे.

आपले कर्तव्य

आज जलाशयावर पर्यटनाच्या यंत्रनौका आणण्याच्या योजना होत आहेत. त्या होवोत. परंतु कोठे खोल, कोठे खडक, वारा कोणत्या दिशेने सुटला म्हणजे काठ गाठावा, हे ज्ञान ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, त्यांस त्या नौकांवर मानाचे स्थान मिळाले पाहिजे. ते मागण्यासाठी आपल्या ज्ञानाचा पुरावा आपल्याजवळ हवा. बांधलेल्या नावांचे चित्र काढावे असे जे आरंभी म्हटले, त्याचे प्रयोजन केवळ स्मृतीपुरते नाही, ते एवढ्यासाठी.

यास्तव प्रत्येक कुटुंबास एक नम्र विनंती आहे. घरी, वाडीत, घाटावर जुना डोंगा किंवा नाव पडलेली असेल, तर ती जाळण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी तिची लांबी, रुंदी आणि खोली मोजावी. लाकूड कोणते, कोणी कोरली, साधारण कोणत्या साली, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे. तिच्या प्रत्येक भागास घरात जे नाव असेल, ते जसेच्या तसे टिपावे. ती कोणत्या घाटाच्या कोणत्या पायरीशी बांधली जात असे, हेही लिहावे. छायाचित्र काढणे आता कोणासही कठीण नाही. परंतु मुलांनी शिसपेन्सिलीने काढलेले चित्र अधिक मोलाचे, कारण चित्र काढताना मुलगा आजोबांस दहा प्रश्न विचारतो. ही सर्व माहिती मंडळाकडे जमा झाल्यास पुढील स्मरणिकांत ती क्रमाने छापता येईल.

आपल्यापैकी कित्येकांनी शिक्षण घेतले, नोकऱ्या मिळविल्या आणि वल्ह्याची लाज वाटू लागल्याने बापाचा धंदा सांगणे सोडून दिले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या धंद्याने अपमानच दिला, त्याची आठवण कोण काढील? परंतु अपमान धंद्यात नव्हता, तो पाहणाऱ्यांच्या दृष्टीत होता. अंधाऱ्या रात्री, चढत्या पुरात, पलीकडून आलेली हाक ऐकून ज्याने दोर सोडला, त्याच्या वंशात आपण जन्मलो, हे सांगताना कोणाचीही मान खाली जाण्याचे कारण नाही.

काशीला प्रिन्सेप परदेशातून आला. पवनीचा प्रिन्सेप आपल्याच एखाद्या घरात, आपल्याच एखाद्या शाळकरी मुला-मुलीच्या रूपाने, पेन्सिल हाती घेऊन बसलेला असेल. त्याला घाटावर घेऊन जाण्याचे काम मात्र आपण मोठ्यांनी, शेवटचा डोंगा काठावर आहे तोवर, केले पाहिजे.